धन गेलेली जागा

उद्यमनगरात तेहतीस वर्षं मी मोटारी भरतोय.
जळालेलं वाइंडिंग वासावरून ओळखतो.
तांब्याला शक्यतो काही होत नाही.
मरतं ते वरचं वेष्टण,
नखानं खरवडलं तर निघेल एवढं.
तेवढं गेलं की तार तारेला शिवते
आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर
विहिरीच्या काठावर नुसती गुरगुरत बसते.

म्हणून विशाखाचा उजवा पाय
महाद्वार रोडवर, भर बाजारात,
चप्पल मागं राहिली तरी चालत राहिला
(तापल्या रस्त्यानं तिला काही कळवलंच नाही),
आणि पुढं फिल्मवर पांढरे ठिपके दिसले,
तेव्हा डॉक्टर म्हणाले, मायलिन.
मी म्हणालो, इन्सुलेशन.
डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

भाचा इंद्रजित विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकतो.
सोमवारी, सगळं उद्यमनगर बंद असताना,
त्यानं दुकानाच्या फरशीवर खडूनं थर काढले,
एकाभोवती एक, कांद्यागत.
मामा, ही चरबी. हिच्यावर ऋण.
दोन थरांच्या मधी हे प्रोटीन. ह्याच्या अंगावर धन.
ऋण ऋणाला ढकलतं.
मधी धन हाय म्हणून घर एकत्र हाय.
म्हटलं, हे आमच्या गल्लीत शाळेत न गेलेल्यालाही माहीत आहे.

मग त्यानं अंगठ्यानं काही अधिकची चिन्हं पुसली.
कुणी जाळत नाही, तोडत नाही.
एक एन्झाइम येतं,
आर्जिनीनच्या टोकाला हात लावतं,
पाणी घेतं, जरासा अमोनिया सोडतं, निघून जातं.
उरतं ते ना धन, ना ऋण.
प्रोटीन जागेवरच असतं,
त्याला धरून ठेवायचं तेवढं जमत नाही.
थर सैल पडतात,
आणि अंगातलेच राखणदार
त्या सैल जागेला परकी समजून चावतात.
का येतं रे ते?
कुणाला नक्की माहीत नाही, मामा.
उलटंही असेल. आधी चावा, मग सैल.
त्यानं खडू खिशात टाकला. हात पांढरे.

उरलेल्या त्या गोष्टीचं नाव सिट्रुलीन.
पहिल्यांदा कलिंगडाच्या रसात सापडली,
म्हणून कलिंगडाचंच नाव.
त्या उन्हाळ्यात मी घरात कलिंगड आणलं नाही.
लक्ष्मीपुरीत ढीग दिसला की सायकल दुसऱ्या बोळात.
महिन्याभरानं पोरीनं विचारलं, मी सांगितलं,
आणि ती पोट धरून हसली, किती दिवसांनी.
दादा, नावावरनं फळाला कशाला शिक्षा?
आणा की. खातो मी.
आणलं. बिया ताटलीत नेम धरून थुंकत होती,
निम्म्या बाहेर पडत होत्या.

जाता जाता इंद्रजित उंबऱ्यात एक बोलून गेला:
तान्ह्या पोराच्या मेंदूत हे असंच सैल असतं,
मग चारेक वर्षांत आवळत जातं.
तेवढं एक वाक्य मी रात्रभर हातात धरून बसलो.
काही करता येईना त्याचं.

मोटर असती तर जुनं सगळं भट्टीत टाकलं असतं,
नवी तार, नवं वार्निश, मेगर लावून बघितलं असतं.
इथं सुई आहे, सहा महिन्यांनी एकदा.
आणि अंग आपलं आपण थोडं वेष्टण घालतं म्हणे,
पातळ घालतं,
पहिल्यासारखं नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर जातो आम्ही.
ती समोर बघते, पाण्याकडं, भेळेच्या गाड्यांकडं.
खाली बघायचं नाही असं तिनं ठरवलंय.
मधेच विचारते,
दादा, चप्पल आहे का पायात?
मी बघतो.
आहे, म्हणतो.